सरहिंद आणि फतेहगढ साहिब एकच का? एवढं मोठं शहर गेलं कुठे?

रूळवेडा:
मंडळी, गेल्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन ट्रेनने अमृतसरला गेलो होतो. अंबाला मागे पडलं आणि थोड्या वेळाने पाटी दिसली, सरहिंद जंक्शन. मी ताडकन उठूनच बसलो, कारण राघोबादादांच्या अटक स्वारीत हे नाव किती वेळा वाचलंय! डोक्यात चित्र होतं मोठा किल्ला, बुरुज, वेशी वगैरे, आणि खिडकीतून बघतो तर गव्हाची शेतं, गोदामं आणि एक साधंसं स्टेशन. बरं, अर्धा डबा तिथेच उतरला, म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळे, पण जत्रेला चालल्यासारखा गोंगाट काही नाही. शेजारचे सरदारजी म्हणाले फतेहगढ साहिबला चाललेत. मग सरहिंद कुठलं नि फतेहगढ कुठलं? आणि नकाशात सरहिंद कालवा दिसतो, तो याच गावचा ना? कोणी नीट सांगेल का.

बखरीतला_उंदीर:
मस्त प्रश्न. दोन्ही एकाला एक लागूनच आहेत. सरहिंद हे जुनं शहर, फतेहगढ साहिब हा गुरुद्वारा आणि त्याच्यावरून पडलेलं जिल्ह्याचं नाव, जिल्हा तर अगदी अलीकडचा, १३ एप्रिल १९९२ च्या बैसाखीला झालेला.

आता एवढं महत्त्व का ते नकाशा समोर ठेवून बघा. दिल्ली ते लाहोर हा बादशाही रस्ता. वायव्येकडून येणाऱ्याने एकदा सतलज ओलांडली की यमुनेपर्यंत अडवायला मोठी नदीच नाही, मधे घग्गर आहे पण ती पावसाळ्यापुरती. सगळं सपाट. त्यामुळे सरहिंद ज्याच्या हातात त्याला दिल्लीचं दार अर्धं उघडं. १५५५ मध्ये हुमायूनच्या फौजेने अफगाण सुलतान सिकंदर सूरला इथेच हरवलं आणि दिल्ली परत मिळवली. १७४८ मध्ये अब्दाली पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मोगलांनी जवळच मनुपूरला अडवलं. मोगलांच्या चांगल्या दिवसांत शहर खूप श्रीमंत होतं, आम खास बाग अजून आहे, लाहोरला जाता येता बादशहा तिथे उतरायचे, पाण्याने थंड ठेवलेला सरदखाना, हमाम असं सगळं.

कालव्याचं मात्र फसवं आहे हां. सरहिंद कालवा १८८२ चा, रोपडला सतलजमधून निघतो आणि दोराह्याकडे जातो, सरहिंद गावात येतच नाही. गावाजवळ हायवेला जो मोठा कालवा लागतो तो भाखड्याचा.

गोदाकाठचा:
मी नांदेडचा, त्यामुळे राहवत नाही. ट्रेनमधली माणसं गप्प होती कारण ती शहीदी सभेला चालली होती. गुरु गोविंदसिंगांची धाकटी दोन मुलं, जोरावरसिंग नऊ वर्षांचा आणि फतेहसिंग त्याहून लहान, त्यांना सरहिंदचा सुभेदार वजीर खानाने भिंतीत चिणून मारलं, १७०४ चा डिसेंबर (काही जण १७०५ धरतात). आजी माता गुजरी ठंडा बुर्ज नावाच्या बुरुजात कैदेत होत्या, त्यांनीही तिथेच प्राण सोडले. अंत्यसंस्कारासाठी दिवाण टोडरमलने जमिनीवर सोन्याच्या मोहरा उभ्या रचून जागा विकत घेतली असं सांगतात. (हा अकबराचा टोडरमल नव्हे, लोक कायम घोळ घालतात.) त्या दिवसांत कित्येक घरांत गोडधोड होत नाही, लोक जमिनीवर झोपतात.

आणि आमच्या गावाचा संबंध असा की १७०८ मध्ये गुरु नांदेडला आले, गोदावरीकाठी माधोदास बैरागी म्हणून एक जण मठ करून राहत होता, तो त्यांचा शिष्य झाला, तोच बंदा सिंग बहादुर. गुरूंवर नांदेडला हल्ला करणारे पठाणसुद्धा वजीर खानानेच पाठवले होते असं म्हणतात. बंदा इथून पंजाबात गेला आणि दोन वर्षांच्या आत, मे १७१० मध्ये, चप्पडचिडीच्या लढाईत वजीर खान मारला गेला आणि सरहिंद पडलं. आमच्याकडे बंदा घाट गुरुद्वारा आहे, नांदेडला आलात तर नक्की बघा.

रूळवेडा:
बापरे. म्हणजे मी निवांत चहा पीत खिडकीतून गंमत बघत होतो आणि ती माणसं... असो. पण मग शहर बंदाने पाडलं का? राघोबादादा तर नंतरचे ना?

बखरीतला_उंदीर:
नाही, १७१० नंतर शहर परत मोगलांकडे गेलं. मार्च १७५८ मध्ये मराठे, शीख आणि पंजाबातला सरदार अदिना बेग यांनी मिळून घेतलं, अब्दालीचा अधिकारी अब्दुस्समद खान पकडला गेला, शहर लुटलं. छाती फुगवण्याआधी एवढं लक्षात ठेवा की लुटीत आपले आणि शीख दोघेही होते, आणि महिन्याभरात लाहोर घेऊन दादासाहेब पंजाब अदिना बेगला वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर देऊन माघारी फिरले, तो बेग त्याच वर्षी मेला आणि पुढे पानिपत.

खरा शेवट जानेवारी १७६४ ला. शिखांनी अब्दालीच्या फौजदार झैन खानाला मारलं आणि ठरवून शहर जमीनदोस्त केलं. मग ते पतियाळाच्या आला सिंगकडे गेलं. बरेच रहिवासी पतियाळ्याला गेले, तिथे सरहिंदी गेट आजही आहे. तुम्हाला किल्ला दिसला नाही त्याचं कारण हे.

लोखंडवाला_नाही_खरंच:
मंडी गोबिंदगढला स्टीलच्या धंद्यात सहा वर्षं काढलीत, सरहिंद तिथून अगदी जवळ. सगळंच गेलं असं नाही हो. गुरुद्वाऱ्याला लागूनच रौझा शरीफ आहे, शेख अहमद सरहिंदी यांची कबर, नक्शबंदी या सूफी पंथाचे मोठे संत, १६२४ ला वारले, उरुसाला पाकिस्तानातूनही लोक यायचे. त्याच आवारात अब्दालीचा नातू शाह झमान पुरलाय! काबूलचा राजा तो, सगळं गमावून शेवटी इथे. टोडरमलची जहाज हवेली पण आहे, मी गेलो तेव्हा पार पडायला आली होती, विटा हाताने निघत होत्या.

डिसेंबरात पुन्हा जाणार असाल तर ट्रेनने न जाता सरळ तिथे दोन दिवस राहा, गर्दी प्रचंड पण लंगर रस्त्यावर मैलभर, धुकं मात्र असलं की समोरचा माणूस दिसत नाही, स्वेटर दोन घ्या.