गोवा विद्यापीठात एमएस्सीला येतेय, खोली कुठे घ्यावी?

बार्शीची मी

नमस्कार. मी बार्शीची. गोवा विद्यापीठात मरीन बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश मिळालाय, जुलैत रुजू व्हायचंय. वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही, म्हणून मागच्या आठवड्यात बाबांबरोबर दोन दिवस येऊन खोल्या बघितल्या. तीन मनात आहेत.

पहिली दोनापावलाला. गच्चीतून समुद्र दिसतो. मी समुद्र शिकायला येतेय, त्यामुळे तिथेच जीव अडकलाय. पण मालक लेखी करार नको म्हणतात. दुसरी ताळगावात, जुन्या कौलारू घरात, खाली घरमालकीण आजी एकट्या राहतात. आजी फार चांगल्या वाटल्या, पण एका भिंतीला मे महिन्यातच कुबट वास होता. तिसरी मेरशीला, दोन मुलींबरोबर फ्लॅट.

माझ्याकडे गाडी नाही. लॅबमधून निघायला आठ वाजतील असं सीनियर सांगतात. घरापासून लांब पहिल्यांदाच राहणार आहे, आणि आईला रोज रात्री फोनवर खरं सांगता यावं असं ठिकाण हवंय. शिवाय मला ज्वारीची भाकरी लागते. तिथे पीठ मिळतं का?

मिरजेचा संशोधक

मी इथे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोनापावला सोडून दे. पहिल्या वर्षी मी अशीच समुद्राजवळची खोली तोंडी बोलीवर घेतली होती. डिसेंबरच्या मध्यावर मालक म्हणाले, वीस तारखेपासून पाच जानेवारीपर्यंत खोली रिकामी कर, पाहुणे यायचेत. त्या दिवसांत पर्यटकाकडून मिळणारं भाडं विद्यार्थी देऊ शकत नाही. सेमिस्टरची परीक्षा संपते न संपते तोच मी दोन बॅगा घेऊन मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो. अकरा महिन्यांचा लेखी करार झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरायला जो मालक टाळाटाळ करतो, तो करारही पाळणार नाही, असा माझा अनुभव.

दुसरं, नकाशावरचं अंतर बघू नकोस, अंधार पडल्यावरची बस बघ. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. सात-साडेसातनंतर पठारावरून पणजीकडे जायला बस मिळवणं जिवावर येतं, रविवारी तर आणखीच. मेरशीला जायचं तर आधी पणजी गाठून बस बदलावी लागेल. खाली बांबोळीला हायवेवर मात्र मडगाव-पणजी बस बऱ्याच उशिरापर्यंत असतात, कारण गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, हॉस्पिटल तिथेच आहे. ताळगाव पठाराच्या पायथ्याशी, त्यामुळे उशीर झालाच तर पायलट करून पटकन पोचशील. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी. दर आधी ठरवून बसायचं.

पीठ मिळतं गं. पणजीच्या मार्केटमध्ये विचार. बेळगाव-धारवाडकडची पुष्कळ माणसं इथे कामाला आहेत, त्यांच्या वस्तीजवळच्या किराणा दुकानांत मला ज्वारी नेहमी मिळाली आहे.

डिचोलीकर

मी रोज डिचोलीहून येऊन-जाऊन एमएस्सी केली, त्यामुळे खोल्यांचं मला कमी कळतं. दोन गोष्टी सांगतो. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत खाणावळी बंद आणि बस तुरळक असतात. गावी जाणार नसशील तर एखाद्या वर्गमैत्रिणीला आधीच सांगून ठेव. घरी नेल्याशिवाय ती राहणार नाही, आणि आमची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास, एकदा डोळ्यांनी बघायलाच हवी. मासे खात असशील तर ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरबंदी असते, तोवर मासळी महाग.

भाषेची काळजी करू नको. कंडक्टर 'खंय देंवपाचें?' म्हणाला की कुठे उतरायचं ते मराठीत सांग. इथे घरोघरी मराठी पेपर येतो. पण महिनाभरात चार वाक्यं कोकणीत बोलायला लाग, लोकांना मनापासून आनंद होतो.

ताळगावची काकू

बाय, त्या आजींच्या घराला सोडू नकोस. एवढंच विचार, वास येतो ती भिंत कुठल्या बाजूची? आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. जुनी माणसं त्या बाजूला माडाची चुडतां, म्हणजे झावळ्या, विणून बांधायची, आता प्लास्टिक लावतात. पश्चिमेची भिंत असेल तर आजींना पूर्वेची खोली माग. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. तुझ्या वह्यांना बुरशी येईल, चामड्याच्या चपलेला येईल. कपाटात कापराच्या वड्या ठेव, पुस्तकं आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडून ठेव. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येईल तेव्हा पिशवी घेऊन खाली उतर, गरम उंडो, म्हणजे गोल पाव, मिळेल. आणि २१ ऑगस्टला आमच्या चर्चमध्ये कोणसाचं फेस्त असतं, शेतातल्या भाताची पहिली कणसं कापतात. ये हं.

बार्शीची मी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, काकूंचं दोनदा. आजींना फोन केला. भिंत पश्चिमेचीच निघाली! पूर्वेच्या खोलीत त्यांचं तांदळाचं पिंप आणि जुनं सामान आहे, ते हलवायला तयार झाल्या. म्हणाल्या, तुझ्या बाबांना एक दिवस आधी घेऊन ये, एकटीला उचलवत नाही. कराराला आणि पोलिसांच्या अर्जालाही हो म्हणाल्या. समुद्र मी रविवारी चालत जाऊन बघेन.

एकच राहिलं. कपाट भिंतीपासून किती लांब ठेवू?

ताळगावची काकू

चार बोटं. आणि खाली विटा घाल.