पलटणीचा पुढचा मोसम: पैसा डाव्या कॉर्नरवर की तिसऱ्या रेडरवर?

बालेवाडीकर

प्रो कबड्डीत आपल्या पुणेरी पलटणच्या चार मोसमांत तीन फायनल. नवव्या मोसमात जयपूरकडून २९-३३, दहाव्यात हरियाणावर २८-२५, बाराव्यात दिल्लीकडून २८-३१. मधल्या अकराव्यात प्लेऑफही नाही, आणि ती फायनल नेमकी आपल्या बालेवाडीत. हरियाणा-पाटणा खेळले, पुणेकरांनी तिकीट काढून दुसऱ्यांना टाळ्या वाजवल्या.

बाराव्यात साखळीत आपण पहिले होतो. १८ पैकी १३ विजय, २६ गुण. दिल्लीचेही २६च. मग क्वालिफायर १ मध्ये त्यांच्याशी ३४-३४ आणि टायब्रेकरला ४-६. क्वालिफायर २ मध्ये तेलुगू टायटन्सला ५०-४५ ने काढलं, आपला रेडर आदित्य शिंदेने धुमाकूळ घातला, आणि फायनलला परत तेच.

पंच, नशीब, दिल्लीतले प्रेक्षक हे विषय कृपया इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे. मला तीन गोष्टी विचारायच्यात. फॉरमॅट हाच राहिला असं धरलं तर पहिल्या दोनात येणं खरंच किती महत्त्वाचं? लिलावात मोठी रक्कम एकाच ठिकाणी टाकता येत असेल तर डावा कॉर्नर (बचावाच्या टोकाला उभा राहून पाय धरणारा) की तिसरा रेडर (चढाई करणारा)? आणि टायब्रेकरला आपण कमी पडलो ते कशामुळे?

निदानरेषा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, त्यामुळे ते आधी.

बाराव्या मोसमात १२ पैकी ८ संघ पुढे गेले. ऐकायला सोपं वाटतं, पण शिडी बघा. पाचव्या ते आठव्या क्रमांकाचा संघ आधी प्ले-इन खेळतो, मग एलिमिनेटर १, २, ३, मग क्वालिफायर २, मग फायनल. सलग सहा सामने जिंकायचे आणि एकदाही घसरायचं नाही. तिसरा-चौथा मिनी क्वालिफायर खेळतो. जिंकला तर थेट एलिमिनेटर ३ ला, म्हणजे ट्रॉफीपर्यंत चार विजय. हरला तर एलिमिनेटर २ मधून आणखी एक संधी. पहिले दोन मात्र क्वालिफायर १ जिंकले की फायनललाच, आणि हरले तरी क्वालिफायर २ आहेच.

म्हणजे आठव्या नंबरला 'प्लेऑफला लागलो' म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. पाटणा प्ले-इनमधून आली आणि एलिमिनेटर ३ पर्यंत पोचली, तिथे संपलं. इतके सामने इतक्या कमी दिवसांत खेळले की घोटे आणि गुडघे आधी जातात, डावपेच नंतर.

दुसरा बदल लोकांच्या नीट लक्षात आलेला नाही. आधी विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा कमी फरकाने हरलं तरी १ गुण मिळायचा. दहाव्या मोसमातले आपले ९६ गुण आठवा: १७ विजयांचे ८५, तीन बरोबरींचे ९ आणि दोन पराभवांचे २. आता विजयाला २, पराभवाला शून्य, आणि बरोबरी शिल्लकच नाही, कारण साखळीतही टायब्रेकर होतो. शेवटच्या दोन मिनिटांत पाचने मागे असताना 'सातच्या आत ठेवू' म्हणून सांभाळून खेळायची जुनी सवय आता फुकट. पाचने हरा नाहीतर पंचवीसने, मिळतात ते शून्यच.

डावा_कोपरा

नावावरून कळलंच असेल मी कोणत्या बाजूचा. पैसा कॉर्नरवर.

तीन फायनलचे दोन्ही संघांचे मिळून गुण बघा: ६२, ५३, ५९. क्वालिफायर २ मध्ये तेच ९५ होते. फायनलला कोणी मोकळा खेळत नाही. रेडर ३० सेकंद ओढतो, हात फिरवून परत येतो, गुणाविना दोन रिकाम्या रेड गेल्या की तिसरी डू ऑर डाय, गुण आणा नाहीतर बाद. सामना ४० मिनिटांचा. प्रत्येक रेड पूर्ण ओढली तर दोन्ही संघांच्या मिळून ८०, आपल्या वाट्याला ४०. त्यातल्या दर तिसऱ्या रेडला जुगार, म्हणजे तेरा वेळा. समोरच्यांच्याही तेरा. या तेरांपैकी आठ पकडल्या की फायनल खिशात. त्या आठ पकडणारा माणूस कॉर्नरला उभा असतो.

पकड कशी बसते तेही बघा. रेडर बोनस (कोणाला न शिवता मिळणारा एक गुण) घेताना पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि मागचा हवेत असावा लागतो, नाहीतर बोनस मिळत नाही. त्या क्षणी सगळं वजन एका पायावर. कॉर्नरने घोटा तेव्हाच धरायचा. अर्धा सेकंद आधी गेला तर रेडर उडी मारून वरून जातो, उशिरा गेला तर पाय परत आलेला असतो. घोटा धरल्यावर काम निम्मंच झालं. निदान रेषा, म्हणजे रेडरला ओलांडावीच लागणारी रेषा, मध्यरेषेपासून साधारण चार मीटरवर. तिथे पडलेला रेडर हात लांब केला की सव्वादोन मीटर सहज घेतो. उरलेल्या पावणेदोन मीटरमध्ये कव्हरने (कॉर्नरच्या आतल्या बाजूच्या बचावपटूने) अंगावर यायलाच हवं. आपल्याकडे घोटा सुटतो असं लोक म्हणतात. घोटा सुटत नाही, कव्हर उशिरा येतो.

दहाव्या मोसमात इराणी कॉर्नर शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं तेव्हा किती नावं ठेवली होती. त्याने ९९ पकडगुण काढले, मोसमाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि ट्रॉफी आली. अकराव्यात तो हरियाणाला गेला, ट्रॉफी हरियाणाला. अजून काय सांगू?

लोण_लागला

दादा, तुमचं उदाहरण अर्धं आहे. बाराव्यात तोच शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातला गेला आणि गुजरात पहिल्या आठातही नव्हता. लिलावाची थैली ५ कोटींची. संघात किमान १८ माणसं लागतात, कमाल २५. २ कोटी ३५ लाख म्हणजे ४७ टक्के एका माणसावर. उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत बाकीचे सतरा. दहाव्यात ते जमलं कारण अस्लम, मोहित, पंकज, आकाश, संकेत, अबिनेश ही पोरं आधीच घरात वाढलेली होती. कॉर्नर हा शेवटचा तुकडा होता. पायाच नसेल तर कळस कोणत्या देवळावर ठेवणार?

आता फायनलचं. २८-२५ मध्ये फरक तीनचा. त्या सामन्यात पंकज मोहितेने एका रेडमध्ये चार गुण आणले होते. तेवढी एक रेड वजा करा आणि ट्रॉफी हरियाणाच्या गाडीत घाला. नवव्यात सेमीफायनलला अस्लम आणि मोहित दोघेही जखमी होते. तमिळ थलायवाजला ३९-३७ ने काढलं तेही पंकजच्याच जिवावर. फायनलला मात्र जयपूरच्या बचावाला ठाऊक होतं की रोखायचं कोणाला. अकराव्यात अस्लमचा गुडघा गेला, मोसमच गेला. बाराव्याच्या फायनलला आदित्यने बरेच गुण आणले आणि शेवटी दिल्लीचा कॉर्नर फजलने त्यालाच धरलं. तोच फजल, जो नवव्या फायनलला आपला कर्णधार होता.

चारही वर्षांत दुखणं एकच. शेवटची पाच मिनिटं आली की आपल्याकडे एकच रेडर उरतो आणि समोरच्या कॉर्नरला ते माहीत असतं.

आणि तुमच्या तेरा डू ऑर डायमध्ये एक गोष्ट राहिली. बोनस फक्त सहा किंवा सात बचावपटू मॅटवर असतील तरच. समोरचे मुद्दाम पाचावर थांबतात. मग तिसऱ्या रेडला बोनसचा आसरा नाही, हात किंवा पाय लावूनच यायचं. तिथे ३० सेकंद नुसतं टिकणारा रेडर चालत नाही, पळता पळता पाय मारणारा लागतो. तीन किंवा कमी उरले की उलट भीती, त्यांनी पकडलं तर सुपर टॅकलचे दोन गुण. अशा वेळी सगळ्यात ताजा रेडर पाठवायचा की सगळ्यात अनुभवी, यावर आपल्याकडे दरवेळी गोंधळ दिसतो.

बालेवाडीकर

@लोण_लागला, पण बोनसवर गुण येतच होते की. रेडर कमी पडले असं आकडे बघून वाटत नाही.

लोण_लागला

बोनसने गुण मिळतो, माणूस आत येत नाही. टच किंवा पकड झाली तरच बाहेर बसलेला एक जण परत येतो. सुपर टॅकलचा जादाचा गुणही फक्त गुणच, त्यानेही दुसरा माणूस येत नाही. त्यामुळे बोनसवर जगणारा संघ फलकावर बरोबरीत दिसतो आणि मॅटवर चारच उरलेले असतात. मग लोण, म्हणजे सगळेच बाद. लोणचे दोन गुण वेगळे, समोरचे सातच्या सात ताजे असतात ते वेगळं. फायनल तीनने हरलो म्हणजे हिशेब कुठे चुकला ते यात शोधा.

शिट्टी_आधी_वाजली

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून मी लावतो. टायब्रेकर हा वेगळाच खेळ आहे आणि त्याची तयारी वेगळी लागते.

दोन्हीकडून सात-सात जण उतरतात. त्यातले पाच रेडर, क्रमाने, छातीवरच्या नंबरांसकट आधी लिहून द्यायचे. प्रत्येकाने एकच रेड टाकायची, एकाआड एक संघ. कोणी बाद होत नाही, कोणी परत येत नाही, फक्त गुण मोजायचे. आणि सगळ्यात मोठा फरक: निदान रेषाच बोनस रेषा धरली जाते. म्हणजे बोनससाठी एक मीटर कमी आत जायचं. दोघांचे पाच-पाच झाल्यावरही बरोबरी राहिली तर गोल्डन रेड, आधी कोणाची ते नाणेफेकीवर.

आता विचार करा. बोनस इतका जवळ आला की बऱ्यापैकी रेडर तो घेऊनच येणार. पाच रेडचे चार-पाच गुण कोणालाही पडतात. फरक पडतो दोनच जागी: कोणीतरी टच घेऊन येतो किंवा कोणीतरी पकडला जातो. पकडला जातो तो बहुतेक वेळा चौथा नाहीतर पाचवा रेडर, कारण तो मुळात कव्हर किंवा ऑलराउंडर असतो. सामन्यात महिनाभर रेड न टाकलेला माणूस अचानक सात जणांसमोर जातो, पाय निदान रेषेपलीकडे टाकताना मागचा उचलायला विसरतो, बोनस हुकतो आणि वर पकडही होते. एका चुकीत दोन गुणांचा फरक. ४-६ म्हणजे तेवढंच.

उपाय महाग नाही. बचावातल्या दोघांना रोज सरावाच्या शेवटी सातजणांसमोर निदान रेषेच्या बोनसच्या दहा-दहा रेड टाकायला लावा. बचावानेही टायब्रेकरला अर्धा-पाऊण मीटर पुढे उभं राहायला शिकावं, कारण मागे थांबलं तर बोनस वाटतच बसणार. पण पुढे आलं की पाठीमागची जागा मोकळी होते, म्हणून साखळी तुटता कामा नये. कॉर्नर-कव्हरचे हात एकमेकांत हवेतच.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं. तिसरा रेडर नको, चौथा आणि पाचवा हवा. ड गटाची मूळ किंमत ९ लाख, क गटाची १३. रेड टाकू शकणारे दोन कव्हर त्यात बसतात. २ कोटी कॉर्नरवर घालायचे की नाही ते नंतर भांडू.

डावा_कोपरा

हे मान्य. फक्त रेड टाकणारा कव्हर घेताना त्याची पकड बघा, नाहीतर टायब्रेकरच्या पाच मिनिटांसाठी ४० मिनिटं उजवीकडून गळती. एकदा कव्हरमधून रस्ता सापडला की रेडर कॉर्नरकडे येतच नाही, मग कॉर्नरचे २ कोटी नुसते उभे राहतात. आणि फायनल बिड मॅचचं कार्ड (शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क) असल्या पोरांसाठी राखून ठेवावं. नावाजलेल्या रेडरसाठी समोरचे मुद्दाम आकडा चढवतात आणि तिथे कार्ड वापरलं की थैली रिकामी.

निदानरेषा

एक दुरुस्ती, कारण माझ्या नावाचा प्रश्न आहे. निदान रेषा 'साधारण चार' नाही, पुरुषांच्या मैदानावर मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर, म्हणजे ४.७५ वर, आणि अर्धं मैदान ६.५ मीटरचं. म्हणून कॉर्नरला बोनस रेषेच्या मागे १.७५ मीटरच मिळतात.

तर डावा_कोपरा यांचा हिशेब पुन्हा: ३.७५ वजा २.२५ म्हणजे दीड मीटर. कव्हरला पावणेदोन नव्हे, दीडच. आणि टायब्रेकरला रेडर मुळात निदान रेषेपर्यंतच येतो, म्हणजे दर रेडला हेच अंतर.