भूकंपाच्या धक्क्यानंतर भट्टी, ग्लेझच्या (मडक्यांवरच्या काचेसारख्या लेपाच्या) बरण्या आणि शिलाई मशीन: काय तपासायचं?

मातीकाम_मांजलपूर
वडोदऱ्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट. मागच्या खोलीत मातीकाम आणि शिवणकाम चालतं. धक्क्यात लोखंडी रॅक भिंतीतून सुटून कलला. सिलिका आणि बेरियम कार्बोनेटच्या काचेच्या बरण्या फुटून दोन्ही पावडरी फरशीवर एकत्र झाल्या. हाताचं शिलाई मशीन टेबलावरून पडलं. ३ किलोवॅटची विजेची भट्टी जागेवर आहे, पण आतल्या विटांना केसासारखे तडे आहेत आणि एक कॉइल (तापणारी तार) खोबणीतून लोंबतेय. इमारत इंजिनिअरने पाहिली आहे, तडे फक्त गिलाव्याला आहेत. साफसफाई, भट्टी, मशीन आणि रॅक यांचं कसं करू?

चाकावरचा_हात
ताई, आधी पंखा बंद करा आणि झाडू अजिबात लावू नका. कोरडं झाडलं की सिलिकाची बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते, आणि फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही. घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या पिशवीतून ती पुन्हा खोलीत येते. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि जाड तळाची चप्पल घाला. फवाऱ्याने पाणी हळू मारून ढीग ओला करा, ओल्या पुठ्ठ्याने काचेसकट गोळा करा आणि दुहेरी पिशवीत बांधून वर ‘विषारी’ असं लिहा. बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विष आहे, म्हणून ते सिंकमध्ये किंवा जुनी माती भिजवायच्या बादलीत जाता कामा नये. पावडर चाळून परत वापरायचा मोहही सोडा, मिसळलेली आणि काच पडलेली पावडर ग्लेझच्या कामाची राहत नाही. मग फरशी दोनदा पुसा, दुसऱ्यांदा नवं पाणी घेऊन. फडकी टाकून द्या.

भट्टीच्या विटांना केसासारखे तडे तापण्या-निवण्यानेही पडतात, ते चालतात. बोटाने हलणारी वीट किंवा सुटलेला तुकडा चालत नाही. कॉइलचा मुद्दा जास्त नाजूक आहे. एकदा भाजलेली कान्थलची (भट्टीच्या कॉइलच्या मिश्रधातूची) तार थंड असताना काचेसारखी तुटते, ती ओढून खोबणीत बसवू नका. प्लग काढा, छोट्या गॅस टॉर्चने तेवढाच भाग लाल करा, मग लांब चिमट्याने आत ढकला आणि पिन लावा. नंतर मल्टिमीटरने रोध मोजा. ३ किलोवॅट, २३० व्होल्टला सुमारे १७.६ ओहम यायला हवा. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली आहे. कॉइल आणि भट्टीचं पत्र्याचं अंग यांच्यात जोडणी दाखवली तर प्लग लावूच नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळं ठीक असेल तर पहिली फेरी रिकामी, तासाला १०० अंशांनी २०० पर्यंत न्या आणि तासभर तिथेच ठेवा.

भट्टीतल्या फळ्या एक-एक दोरीवर टांगून लाकडाने टकटक करा. घंटेसारखा आवाज आला तर चांगली, बद्द आला तर आत तडा आहे. अशी फळी वजन घेऊन १,००० अंशांच्या पुढे मोडते आणि खालचा सगळा माल घेऊन जाते. भाजलेल्या मडक्यांनाही हीच परीक्षा. शंका असेल ते ग्लेझ केलेलं भांडं पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, ओला गोल दिसला तर तडा. एपॉक्सीने जोडलेला कप शोभेलाच ठेवा, गरम चहाने जोड मऊ पडतो.

काळं_मशीन
मशीनला लगेच तेल घालू नका, आधी बिडाचा सांगाडा बघा. बीड वाकत नाही, फुटतं. केरोसिनने अंग पुसा, कोरडं करा आणि वर खडूची भुकटी चोळा. तड्यात शिरलेलं केरोसिन थोड्या वेळाने बाहेर येऊन भुकटीवर काळी रेघ उठवतं. बिजागरीच्या भोकांजवळ आणि मानेच्या बुडाशी नीट पाहा.

मग सुई काढून चाक हाताने फिरवा. पूर्ण फेरा सारखाच जड वाटला तर जुनं तेल गोठलंय. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडलं तर शाफ्ट किंवा सुईदांडा वाकलाय, आणि हे काम मेकॅनिककडेच द्या. ते ठीक असेल तर नवी १४ नंबरची सुई लावा. ती सुईखालच्या पट्टीच्या भोकाच्या मधोमध उतरली पाहिजे. सुई तळापासून साधारण २ ते २.५ मिलिमीटर वर आली की शटलचं (खालचा दोरा धरणाऱ्या भागाचं) टोक तिच्या डोळ्याच्या किंचित वर, कागदाएवढ्या फटीने जायला हवं. टाके सुटत असतील तर चूक इथेच असते.

आणि पडलेल्या मशीनवर पॅडल किंवा मोटर लावून ‘चालतंय का’ बघू नका. वाकलेली दांडी शटलवर आदळून दोन्ही जातात.

मातीकाम_मांजलपूर
फळ्या टांगून पाहिल्या, दोन बद्द निघाल्या. मशीनला रेघ नाही. आता रॅक राहिला. परत हादरा बसला तर?

भिंत_आणि_खिळा
उत्तर-धक्क्यांचा हिशोब असा की ते काळाच्या प्रमाणात विरळ होतात, दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याला येतात. सगळ्यात मोठा बहुधा मुख्य धक्क्यापेक्षा तीव्रतेच्या मापात १.२ ने लहान असतो. म्हणून पहिले दोन आठवडे काच आणि वजन जमिनीवरच ठेवा.

वडोदरा मध्यम धोक्याच्या भूकंप-क्षेत्र ३ मध्ये आहे, आणि लांबून आलेल्या संथ लाटा उंच इमारतींना जास्त झुलवतात. २६ जानेवारी २००१ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र कच्छात, आपल्यापासून सुमारे ३०० किलोमीटरवर होतं. अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर, तरी तिथे इमारती कोसळल्या. चौथा मजला तळमजल्यापेक्षा जास्त हलतो, त्यामुळे रॅक ‘तसा घट्टच उभा आहे’ असं समजू नका.

तुमचा स्क्रू बहुतेक गिलाव्यातच होता. गिलावा १२ ते १५ मिलिमीटर, त्याला वजन पेलत नाही. भोकात स्क्रू धरून ठेवणारा १० मिलिमीटरचा नायलॉन प्लग आणि ७५ मिलिमीटरचा स्क्रू घ्या. ड्रिलची भुकटी लाल आली तर वीट लागली. करडी आली तर तुम्ही सिमेंटच्या सांध्यात आहात, भोक इंचभर सरकवा. पांढरट आणि मऊ आली तर हलकी एएसी (फुगवलेल्या काँक्रीटची) वीट आहे, तिथे ड्रिलचा हॅमर बंद करा आणि तिच्यासाठी मिळणारा वेगळा प्लग लावा. रॅकच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना एल-पट्ट्या हव्यात. फक्त खाली बांधलेला रॅक वरून उलटतो.

२५ किलोच्या मातीच्या पिशव्या तळाच्या कप्प्यात. पावडरी काचेतून प्लॅस्टिकच्या रुंद डब्यात काढा. प्रत्येक फळीच्या पुढे ५० मिलिमीटरची पट्टी ठोका, डब्यांखाली रबरी जाळी घाला. कपाटाच्या दाराला चुंबकाचा कॅच असेल तर काढा, तो पहिल्या झटक्यात उघडतो. साधी कडी लावा.