धोतरा झाडाचा म्हणून सौम्य?

नौपाडाकर नाना:
महाशिवरात्रीला जांभळी नाक्यावर कौपिनेश्वराच्या रांगेत बेल-धोतरा घेताना कुणीतरी म्हणालं, ‘खरं विष ते एलएसडी, प्रयोगशाळेतलं. धोतरा काय, झाडपाला.’ माझं मत नेमकं उलट. भास घडवणाऱ्या पदार्थांत मला सर्वांत भीती धोतऱ्याची वाटते.

घणसोलीचे अण्णा:
नाना, आयुर्वेदात धोतरा आहेच की! शंकराला वाहतात ते विष कसं?

नौपाडाकर नाना:
शंकराने हलाहलही पचवलं, अण्णा. तुम्ही पचवाल? आणि आयुर्वेद धोतऱ्याला उपविषांत धरतो, शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाही. त्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन मेंदूतल्या निरोप्या रसायनाचं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतं. लक्ष आणि स्मृती त्याच्यावरच चालते. मग माणूस खोलीत नसलेल्याशी गप्पा मारतो, हातात नसलेली विडी ओढतो, आणि हा भास आहे हे त्याला कळतच नाही. तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं, लघवी तुंबलेली. उतरायला एक-दोन दिवसही लागतात.

वाशीची वेदा:
धोतऱ्याचं पटलं. पण या नादात एलएसडीला क्लीन चिट नको. ते सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या जागांवर (रिसेप्टरवर) काम करतं: भिंती हलताना दिसतात, आवाजाला रंग येतो. ‘आपण काहीतरी घेतलंय’ हे भान बऱ्याचदा टिकतं, हे खरं. पण घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर तो खेळ फार महागात पडू शकतो. शिवाय ते ज्या कागदाच्या तुकड्यावर विकतात, त्यावर नक्की काय लावलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

माजिवड्याचा पोरगा:
ताई, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञ नैराश्यावर सायलोसायबिन (भास घडवणाऱ्या अळंबीतलं द्रव्य) लिहून देतात. आपण मात्र १९८५च्या अमली पदार्थांवरच्या कायद्याला चिकटून.

वाशीची वेदा:
तिथे इतर उपचार थकल्यावर, डॉक्टर समोर बसवून देतात. येऊरच्या पार्टीत कोण बसणार आहे समोर?

कोपरीच्या काकू:
तुम्ही झाडावर भांडा. आमच्या सासऱ्यांना लघवीच्या त्रासावर ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं आणि रात्री कपाटावर मुलं बसलेली दिसू लागली. सगळे म्हणाले, वय झालं. डॉक्टरांनी गोळी बदलली, मुलं गेली. तीही गोळी अ‍ॅसिटिलकोलिनच अडवते म्हणे.

घणसोलीचे अण्णा:
बघा! डॉक्टरांच्या गोळीनेही तेच. मग माझ्या धोतऱ्यालाच का झोडपता?

नौपाडाकर नाना:
गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, अण्णा. धोतऱ्याच्या दोन फळांत विष सारखं नसतं, आणि किती खाल्लं हे डॉक्टरला सांगायला खाणारा शुद्धीवर तरी असतो का?