गावच्या घराचा नकाशा: आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

संदीप (डोंबिवली): नकाशाचा फोटो टाकलाय. ४० बाय ४५ फूट, चार बेडरूम, चारही अटॅच, मधे हॉल. पाहून सगळ्यांनी बोला. नानांनी नुसता अंगठा टाकू नये.

रोहन (बंगळूर): भारी! माझ्या खोलीत एसीचा पॉइंट हवा.

आत्या (ठाणे): तुझी खोली म्हणजे कुठली रे?

रोहन: त्यात 'रोहन' लिहिलंय ना.

आत्या: संदीप, आधी ती नावं पूस. आज खोलीला नाव, उद्या वाटणीच्या कागदावर नाव. माझं नाव कुठेच नाही, ते दिसलं मला, पण तो मुद्दा नाही.

संदीप: पुसतो आत्या. फक्त समजायला लिहिली होती.

माधवी (पुणे): दादा, वर्षभर तिथे नाना-काकी दोघंच. बाकीचे आपण गणपतीत आणि मे महिन्यात. चार कोपऱ्यांत चार संडास म्हणजे चारही बाजूंनी पाइप, आणि तीन संडास बहुतेक काळ बंद. न वापरलेल्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी सुकतं आणि मग सेप्टिक टाकीचा वास थेट घरात येतो.

नाना: आणि कमोडात बेडूक. आत्ताच्या एकातसुद्धा येतात.

माधवी: दोन पुरेत. पाठीला पाठ लावून, मधली भिंत एक, स्वयंपाकघराची मोरी त्याच अंगाला. एक नाना-काकींच्या खोलीतून, एक बाहेरून. आणि दारं बाहेर उघडणारी. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

संदीप: बरं. पण ४० बाय ४५ ला काय हरकत?

माधवी: छप्पर कौलारूच ना? ४० फूट रुंदीवर ३० अंशांचा उतार घेतला तर आढं, म्हणजे छपराचा मधला कणा, भिंतीच्या वर साडेअकरा फूट जातं. एवढं लाकूड नाहीतर लोखंड कोण घालणार? आणि मधल्या हॉलला खिडकी कुठेय? भरदुपारी दिवा लावून बसायचं. त्यापेक्षा २४ बाय ६० लांबट घर कर. आढं सात फुटांत बसतं आणि प्रत्येक खोलीला बाहेरची भिंत मिळते.

रोहन: २४ बाय ६० म्हणजे रेल्वेचा डबा की!

नाना: जुनं घर तसंच होतं. एल आकार नको, एवढं मात्र सांगतो. दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, जिथे भेटतात तो कोपरा गळतोच. कौलं शाकारायला माणूस मिळत नाही आता.

काकी: पडवी?

माधवी: पुढे ८ फुटांची, त्याच पाख्याखाली.

नाना: त्याच उतारात ओढलीस तर बाहेरची कड डोक्याला लागेल.

माधवी: म्हणून भिंत १२ फूट. पडवीला साडेचार फुटांहून थोडा जास्त उतार गेला तरी बाहेर सव्वासातच्या वर उरतात. उतार कमी करायचा नाही, पाणी आत शिरेल.

नाना: मग ठीक. पश्चिमेलाही पडवी हवी. पावसाची झड तिकडूनच येते. दरवर्षी माडाची विणलेली झापं बांधतो तरी स्वयंपाकघराची भिंत गणपतीपर्यंत ओलीच. सरपण, चूल, कपडे वाळत घालणं, सगळं त्या पडवीत जाईल.

संदीप: मग गणपतीत पंधरा-वीस माणसं झोपणार कुठे?

आत्या: जिथे नेहमी झोपतात तिथे. पडवीत आणि माजघरात. भजनी मंडळी रात्री येतात तेव्हा तुझ्या बेडरूममध्ये बसवणार आहेस का?

काकी: माजघर मोठं करा. आणि वर पीओपी नको, गणपतीवरची माटवी, ती फळापानांची चौकट, टांगायला वासा लागतो.

माधवी: माजघर १६ बाय २४, आरपार. तीन बेडरूम. जोतं दोन फूट, पायऱ्या सहा इंची, एका बाजूने रॅम्प. एकास बाराने २४ फूट लांब होतो.

नाना: अंगणात धावपट्टी?

माधवी: पडवीच्या कडेने वळवते. काकींच्या गुडघ्यांचा विचार करा नाना, तुमच्या अंगणाचा नंतर. दारंसुद्धा तीन फुटी.

काकी: माझे गुडघे ठीक आहेत.

आत्या: हो, मे महिन्यात पाहिले.

संदीप: सेप्टिक टाकी मागे घेऊ?

नाना: मागे विहीर. निदान ५० फूट लांब, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला अजिबात नको. आपली जमीन उतरती आहे, विसरू नकोस.

रोहन: तीन बेडरूम ठीक आहेत. एसीचा पॉइंट मिळेल ना?

संदीप: एकाच खोलीत. नाना-काकींच्या.

नाना: मला नको. खिडकी मोठी द्या.

काकी: कोठीची खोली कुणीच दाखवली नाही. तांदूळ कुठे ठेवू, आंब्यांची अढी कुठे घालू?

संदीप: तिसऱ्या बेडरूममध्ये चालेल?

काकी: आंबे पिकतात तेव्हाच तुम्ही सगळे असता.

माधवी: ८ बाय १०, स्वयंपाकघराला लागून, उत्तरेला, जाळीच्या झरोक्यासह. उद्या नवा नकाशा टाकते, नावं न लिहिता.