"जवान कधी संप करतो का?" हे संपकऱ्यांना ऐकवणं बरोबर आहे का?

कृष्णाकाठ:
मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, 14 ते 20 तारीख, "एकच मिशन, जुनी पेन्शन". तेव्हापासून एक वाक्य ऐकून कान किटलेत. सीमेवरचा जवान बर्फात उभा असतो, तो संप करतो का, मग तुम्हाला पंख्याखाली बसून कसला संप सुचतो. आता आठव्या वेतन आयोगाची चर्चा सुरू झाली तर परत तेच.

अहो जवान संप करत नाही कारण त्याला करताच येत नाही! घटनेचं कलम 33 आहे, 1950 चा आर्मी अ‍ॅक्ट आहे, संघटना काढायची नाही, पेपरात बोलायचं नाही. मग त्याचा पगार वाढतो कसा? तिसऱ्या वेतन आयोगापासून फौजेचा पगारही त्याच आयोगाकडे असतो ज्याच्याकडे केंद्र सरकारच्या क्लार्कचा. महागाई भत्ता दोघांना त्याच टक्क्याने. आणि 1960 च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप केला त्यात महागाई भत्ता हीच मोठी मागणी होती, माणसं तुरुंगात गेली, नोकऱ्या गेल्या. संघटनांनी वर्षानुवर्षं जे रेटून धरलं त्याचा फायदा गप्प बसलेल्या जवानाच्या घरातही पोचतो. त्याच जवानाचं नाव घेऊन संपकऱ्याचं तोंड बंद करायचं हे मला अजिबात पटत नाही.

सुभेदार_निवृत्त:
साहेब, आमच्या नावावर बिल फाडू नका. माझी 26 वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी घराबाहेर. तुमच्या संपामुळे माझा पगार वाढला असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. आम्हाला मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो, सातव्या आयोगानंतर जवानापासून सुभेदार मेजरपर्यंत 5,200 रुपये महिना, ऑफिसरला 15,500. तो सहाव्या आयोगाने आणला, फौजेचं जगणं वेगळं आहे हे मान्य करून. त्यासाठी कुणी बंदूक खाली ठेवली नव्हती.

आणि तुमचा संप झाला की काम कोण करतं? 1974 ला रेल्वेचा संप झाला, 17 लाख कामगार बाहेर, तेव्हा टेरिटोरियल आर्मी बोलवली. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसच उठले, तेव्हाही लष्कर रस्त्यावर आलं. संप तुमचा आणि ड्युटी आमची. दवाखान्याच्या दारात म्हातारी माणसं ताटकळत बसतात त्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय?

हिशेबनीस:
मी दोन्हीकडचा नाही, पण संपात "सैनिकांना जुनी पेन्शन आहे मग आम्हाला का नाही" हे जे बोललं गेलं ते चूक होतं एवढं सांगतो. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून भरती झालेल्यांना एनपीएस, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवायची नवी पेन्शन, लागलं, महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून, आणि सैन्यदलांना त्यातून वगळलं. का वगळलं? जवान तिशीच्या शेवटी नाहीतर चाळिशीत घरी येतो, मुलं तेव्हा शाळेत असतात, दुसरी नोकरी मिळेल याची खात्री नाही. राज्याचा क्लार्क 58 पर्यंत पूर्ण पगार घेतो. या दोन पेन्शन एका तराजूत घालता येत नाहीत. तुमची मागणी तुमच्या कारणांवर मांडा ना, एनपीएस बाजारावर अवलंबून आहे, म्हातारपणी हातात किती येईल ते आधी कळत नाही, हे कारण भक्कम आहे. जवान मध्ये कशाला?

कृष्णाकाठ:
@हिशेबनीस हे मान्य, ती घोषणा मलाही खटकली होती. पण मग हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा, त्यांनीही जवान मध्ये आणू नये.

आणि सुभेदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच विचारतो, 14 जून 2022 ला अग्निपथ जाहीर झालं. चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार, त्यातले 30 टक्के सेवा निधीत, शंभरातले पंचवीस कायम होणार, बाकीची पोरं त्या निधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. फौजेच्या आतून याला कोण विरोध करू शकलं? सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शन गेली तर वीस वर्षं भांडण चाललं आणि शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राला युनिफाइड पेन्शन आणावी लागली, शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के. ज्यांना बोलता येत होतं त्यांना थोडं तरी परत मिळालं.

सुभेदार_निवृत्त:
अग्निवीरावर मी वाद घालणार नाही. गावातली पोरं पहाटे पळताना बघतो, चार वर्षांनी यांचं काय या विचाराने जीव तुटतो. पण त्यावर उपाय संप नाही. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन, आम्ही 2015 च्या जूनमध्ये जंतरमंतरवर बसलो, सप्टेंबरमध्ये सरकारने जाहीर केलं. बसलेले सगळे निवृत्त होते, एका चौकीवरचा एक पहारा सुटला नाही. सातव्या आयोगात विसंगती होत्या तेव्हा 2016 मध्ये तिन्ही दलप्रमुखांनी त्या दूर करा म्हणून काही काळ अंमलबजावणी थांबवली.

कोर्टकचेरी:
मग ते दबाव आणणंच झालं की.

सुभेदार_निवृत्त:
त्याला संपाच्या रांगेत बसवू नका. प्रमुखाने आपल्या माणसांसाठी उभं राहणं वेगळं, काम सोडून जाणं वेगळं.

कोर्टकचेरी:
बरं, शब्द मागे घेतो. पण फौजेत कधी संप झालाच नाही हे खरं नाही. 18 फेब्रुवारी 1946, मुंबईत "तलवार" या नौदलाच्या तळावर नौसैनिकांनी सुरू केला त्याला ते स्वतः संपच म्हणत होते, समितीचं नावसुद्धा संप समिती. सुरुवात निकृष्ट जेवणावरून, मागण्यांत गोऱ्या खलाशांइतका पगार. आणि 22 तारखेला त्यांच्यासाठी मुंबईतले गिरणी कामगार बाहेर पडले.

कायद्याचं म्हणाल तर सरकारी कर्मचाऱ्यालाही संपाचा मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने 2003 ला तामिळनाडूच्या केसमध्ये सांगितलंय, आपल्याकडे मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालता येणारा राज्याचा कायदा, आहेच. आणि मधले लोक कुणाला दिसत नाहीत. खडकी, देहूरोड, वरणगावच्या दारूगोळा कारखान्यांतले कामगार, नागरी कर्मचारी, पण 2021 मध्ये संरक्षण सेवांचा कायदा आला आणि वर्षभरासाठी त्यांचा संप बेकायदा ठरवता येत होता, त्याच ऑक्टोबरमध्ये कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. सीआरपीएफ, बीएसएफ वाल्यांना बंदोबस्तावर, सीमेवर उभं करून एनपीएस. दिल्ली हायकोर्टाने जानेवारी 2023 मध्ये त्यांना जुनी पेन्शन द्या म्हटलं तर त्याला सुप्रीम कोर्टात स्थगिती. जवान जवान करणाऱ्यांपैकी किती जण यांच्यासाठी बोलले?

सुभेदार_निवृत्त:
1946 ला राज्य इंग्रजांचं होतं हो, ती पोरं देशासाठी उठली. आज कुणाविरुद्ध उठणार? बीएसएफचं मात्र शंभर टक्के बरोबर बोललात.

सिस्टर_ताई:
इतका वेळ वाचत होते. मिस्टर फौजेत आहेत आणि मी सरकारी दवाखान्यात नर्स, 2009 ची नोकरी म्हणजे एनपीएस. दर महिन्याला 10 टक्के कापून जातात. 2023 ला मी संपात होते. मनाला खूप लागत होतं, वॉर्डातले पेशंट डोळ्यापुढे यायचे, आम्ही तातडीच्या ड्युट्या आपापसात वाटून घेतल्या होत्या तरी दोन रात्री झोप नाही. सासऱ्यांनी तेच वाक्य ऐकवलं, तुझा नवरा तिकडे आणि तू रस्त्यावर. रात्री यांचा फोन आला, मला वाटलं हेही रागावणार, तर म्हणाले जा तू, तुम्हाला निदान ओरडता तरी येतं.

सुभेदारकाका, पेशंटचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण आम्ही तीन वर्षं निवेदनं दिली होती, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. संपाच्या सातव्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली.

सुभेदार_निवृत्त:
ताई, तुमच्या मिस्टरांना माझा जयहिंद सांगा. तुमच्यावर माझा राग नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फौजेला वेगळा वेतन आयोग द्या, म्हणजे आमची तुलना क्लार्कशी नको आणि क्लार्कला आमचे टोमणेही नकोत.

हिशेबनीस:
याला माझा पाठिंबा. तिजोरी एकच असली तरी मोजमाप वेगळं हवं.

कृष्णाकाठ:
वेगळा आयोग मिळाला आणि त्यापुढे मांडायला संघटना नसेल तर फौज एकटी पडेल अशी मला भीती वाटते. आज निदान बाकीच्यांच्या रेट्याबरोबर तिचंही पुढे सरकतं.

सिस्टर_ताई:
हे पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतायत, वेगळा आयोग हवा का विचारते. पण ते काय म्हणतील ते मला आत्ताच माहितीये, आधी विचारतील त्यात आमच्यातलं कोण बसणार. सातव्या आयोगात फौजेतलं एकही माणूस नव्हतं.