ओशिनेनझे तलावाला आईबाबांसह पूर्ण फेरी मारता येईल का?

पार्लेकर
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला मुक्काम आहे. त्यातला एक अख्खा दिवस फक्त ओशिनेनझेसाठी ठेवायचाय, धावपळ नको. बरोबर आई (वय ६८, एक गुडघा दुखरा, सपाटीवर तासभर आरामात चालते), बाबा आणि आठ वर्षांची लेक. तलावाला एक फेरी, मध्ये जेवण, संध्याकाळी परत असा बेत आहे. फेरीला किती वेळ धरावा? स्विस ट्रॅव्हल पास आहे. आणि खाणं मुंबईहून नेलेलं चालेल का?

गोरेगाव_भटके
पूर्ण फेरी होत नाही. दक्षिणेच्या बाजूला डोंगराचे कडे थेट पाण्यात उतरतात, तिथे वाटच नाही. नकाशावर तलाव लहान दिसतो म्हणून पुष्कळजण फेरी गृहीत धरतात आणि पलीकडच्या टोकाला गेल्यावर कळतं की आलो तेवढंच परत चालायचंय. तेव्हा उत्तरेच्या काठाने आईंना झेपेल तितकं जा, दगडावर निवांत बसा, आल्या वाटेने परता. ब्ल्युमलिसआल्प डोंगराचा बर्फ समोर दिसतो तो याच काठावरून, त्यामुळे फेरी राहिली म्हणून काही हुकत नाही.

आता प्रवास. इंटरलाकेन ओस्टहून श्पीत्स, तिथे गाडी बदलून कांडरश्टेग. सगळं मिळून साधारण सव्वा तास. श्पीत्सला जपा: ब्रीगकडे जाणारी इंटरसिटी आधी आली की लोक चढून बसतात. ती २००७ साली सुरू झालेल्या खालच्या लांब बोगद्यातून थेट फिस्पला निघते. कांडरश्टेग वरच्या जुन्या मार्गावर आहे, तिथे थांबते ती रीजिओएक्सप्रेस. फलाटावरच्या पाटीवर कांडरश्टेगचं नाव वाचल्याशिवाय चढू नका.

कांडरश्टेगहून वर तलावाकडे गोंडोला (दोरावर चालणारा पाळणा) जातो. स्टेशनपासून गोंडोलाचं खालचं ठाणं पायी पंधरा-वीस मिनिटांवर. रेल्वे तुमच्या पासात येते, गोंडोलाचं तिकीट वेगळं. खिडकीवर पास दाखवून सवलत विचारा. जुलैत अकरानंतर रांग वाढते, म्हणून त्यांच्या वेबसाइटवर आधीच वेळ राखता येते का ते बघा.

माहीमकर
गुडघ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इथे चढ शेवटी येतो. गोंडोलाचं वरचं ठाणं १६८२ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडं उंच. तलाव १५७८ मीटरवर. जाताना शंभर मीटर उतार, अर्ध्या तासात पोचता. दिवसभर चालून थकल्यावर तेवढंच चढून यायचं. दुखऱ्या गुडघ्याला खरा त्रास उतारात होतो, म्हणून आईंच्या हातात दोन काठ्या द्या. उतरताना काठी थोडी लांब करून आधी काठी टेकवायची, मग पाऊल. ठाण्यापासून तलावापर्यंत छोटी विजेवरची गाडीही जा-ये करते, पैसे देऊन. परतीचा चढ तरी आईंनी त्या गाडीनेच करावा.

बूट नवेकोरे नकोत. निघण्याआधी दोन-तीन रविवार बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालून ते पायाला बसू द्या. आईंनी रोज जिना उतरायचा सराव करावा, सावकाश, कठडा धरून.

लालबाग७७
खाण्याचं: तेलातले ठेपले, चिवडा, लाडू (तुपाचे नकोत), शेंगदाण्याची चटणी चालेल. तूप, पेढे, बर्फी, पनीर, मांस भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. दही तिथल्याच दुकानातून घ्या. तलावाकाठी हॉटेलं आणि स्वच्छतागृहं आहेत, पण पुढच्या वाटेवर नाहीत, म्हणून तिथे जाऊन मगच चाला. तलावाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका, वरच्या कुरणांत गाई चरतात.

पार्लेकर
फार उपयोगी माहिती, आभार. आई काठावर बसली तर बाबा आणि लेक वरच्या हॉयबेर्गच्या वाटेने जाऊ शकतील का? फोटोंत तलाव वरून दिसतो तो तिथूनच ना?

गोरेगाव_भटके
हो, तिथूनच. वरच्या ठाण्यापासून हॉयबेर्गपर्यंत पाऊण ते एक तास, चढ अडीचशे मीटरच्या आसपास. तिथून ओबरबेर्गली, उंटरबेर्गली ही कुरणं करत तलावावर उतरता येतं, थांबे धरून चारेक तास लागतात. पण ओबरबेर्गलीच्या खालचा उतार दगडी आणि उभा आहे, ओला असेल तर घसरतो. लेकीला घेऊन हॉयबेर्गपर्यंतच जा आणि त्याच वाटेने परत या. काही ठिकाणी एका बाजूला खोल दरी आहे, तिथे तिचा हात सोडायचा नाही.

पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण म्हणजे डोंगरवाट, तिला पक्का तळ असलेले बूट लागतात. पिवळ्या पाट्यांवरची वेळ निव्वळ चालण्याची असते, फोटो आणि मुलं धरून दीडपट करा. वाटेत गुरांचं कुंपण आडवं आलं तर तारेला हात लावू नका, तिच्यात वीज असते. टोकाला प्लॅस्टिकची मूठ आणि स्प्रिंग असते. मूठ धरून आकडा काढायचा, सगळे पलीकडे गेले की पुन्हा अडकवायचा. वासरू बरोबर असलेल्या गाईपासून लांबून वळसा घ्या.

दक्षिणेकडचा स्पिट्झे श्टाइन हा कडा सरकतोय, त्यावर सतत नजर ठेवलेली असते आणि त्याच्या खालच्या काही वाटा बंद असतात. बंदची पाटी दिसली की परत फिरायचं, पलीकडून कोणी येताना दिसलं तरी.

माहीमकर
हवेचं राहिलं. जुलैत दुपारनंतर ढग जमून विजा होतात, म्हणून हॉयबेर्ग सकाळी आधी, काठावरचं जेवण नंतर. निघण्याआधी तलावाचा वेबकॅम बघा. इंटरलाकेनला ऊन असताना वर धुकं असू शकतं, तसं असेल तर दिवस बदला.

आईंना फेरीच मारायची असेल तर परतताना ब्लाउझे नावाच्या तळ्याशी उतरा. कांडरश्टेग-फ्रुटिगेन बस, क्रमांक २३०, दारातच थांबते. तळं इवलंसं आहे, तिकीट लागतं, फेरी अर्ध्या तासात होते. त्यासाठी दुपारी तीनपर्यंत गोंडोलाने खाली आलेलं बरं. आणि शेवटच्या गोंडोलाची वेळ वर जातानाच खिडकीवर विचारून ठेवा. ती चुकली तर तलावापासून कांडरश्टेगपर्यंत चारशे मीटरचा उतार पायी उतरावा लागतो, आणि तो आईंच्या गुडघ्याला अजिबात झेपणार नाही.